स्वस्त कांद्याचं बिल कुणाच्या नावावर?

२० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बैठकीआधीच पत्रकारांना बोलावलं आणि कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणत असल्याचं जाहीर केलं. सरकारच्याच हिशेबाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडलं गेलं. अध्यादेशही लगेच निघाला. सेन्सेक्स एका दिवसात १,९०० हून जास्त अंकांनी उसळला. त्यानंतर नऊ दिवसांनी, २९ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात सरसकट बंद केली. किरकोळ विक्रेत्याने १०० क्विंटलच्या आणि घाऊक व्यापाऱ्याने ५०० क्विंटलच्या वर कांदा बाळगायचा नाही, असं बंधनही घातलं.

हे दोन निर्णय सुटे सुटे बघितले तर दोघांचंही समर्थन करता येतं. कर कमी केला की गुंतवणूक वाढते असं मानणारे अर्थतज्ज्ञ आहेत. सणासुदीच्या तोंडावर कांदा कडाडला तर सरकारने हातावर हात ठेवून बसू नये, हेही कुणी नाकारणार नाही. पण शेजारी शेजारी ठेवले की प्रश्न पडतो. कारखानदाराने जास्त नफा कमवावा म्हणून तिजोरी उघडायची, आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळायला लागले की सीमा बंद करायची, ही नेमकी कोणत्या पद्धतीची अर्थव्यवस्था? भांडवलशाही म्हणावी तर बाजारावरचा विश्वास कांद्यापाशी येऊन संपतो. समाजवाद म्हणावा तर गरिबाला दिलेल्या सवलतीचं बिल दुसऱ्या गरिबाच्या नावावर फाडलं जातं.

माझं भांडण या बिलाशी आहे. महागाई रोखणं हे सरकारचं काम आहे, इथपर्यंत मी सरकारच्या बाजूने आहे. ते काम करायला लागणारा पैसा कुणाच्या खिशातून, कुणाच्या संमतीने आणि कुठल्या कायद्याने घेतला जातो, हे कुणी विचारत नाही, एवढंच माझं म्हणणं.

थोडा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण अवास्तव नाहीत. शहरातल्या एका कुटुंबाला महिन्याला पाच किलो कांदा लागतो. भाव तीसचा साठ झाला, तर महिन्याला दीडशे रुपये जास्त जातात. भाव असा तीन महिने चढा राहिला तर साडेचारशे. आता दुसरीकडे बघा. कांदा साठवायच्या चाळीत शंभर क्विंटल माल असलेला शेतकरी, म्हणजे साधारण एक-दीड एकराचं पीक. निर्यातबंदीची बातमी आली आणि भाव क्विंटलला चार हजारांवरून दोन हजारांवर आला, की त्याचे दोन लाख गेले. आठवडाभरात, एका अधिसूचनेने. साडेचारशे रुपये वाचलेल्या माणसाला ते वाचल्याचं आठवतही नाही. दोन लाख गेलेल्याच्या घरी त्यावरून एखादं लग्न पुढे ढकललं जातं, गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज थकतं.

यावर आकडेमोडीत हुशार माणसं सांगतात, की ग्राहक कोट्यवधी आहेत, त्यांच्या साडेचारशेची बेरीज मोठी होते. होते, मान्य. पण मग सरळ कबूल करा की हे एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे पैसे नेणं आहे. त्यालाच कर म्हणतात. आणि कर लावायचा तर आपल्या राज्यघटनेने त्याची रीत घालून दिली आहे: अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. बंदीची अधिसूचना परकीय व्यापाराच्या कायद्याखाली निघते, म्हणून ती कायदेशीर आहे, पण तिचा परिणाम कराचाच आहे. त्यावर मतदान होत नाही, तिचा आकडा अर्थसंकल्पात कुठे सापडत नाही, आणि ती भरणाऱ्याला पावती मिळत नाही. शिवाय या करातून सवलत दिली जाते ती उत्पन्न बघून नाही. मलबार हिलवरच्या बंगल्यालाही कांदा स्वस्त मिळतो आणि धारावीतल्या खोलीलाही. पंचतारांकित हॉटेलचा भटारखाना या सवलतीचा मोठा लाभार्थी असेल, पण त्याचा उल्लेख कधी कुणी केलेला मी तरी ऐकला नाही.

आता चाळीत जरा डोकावू, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

देशात पिकणाऱ्या कांद्यातला सुमारे दोन-तृतीयांश हा उन्हाळ, म्हणजे रब्बीचा. तो मार्च ते मेमध्ये निघतो. पोळ म्हणजे खरिपाचा नवा कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरला बाजारात येतो. मधले चार-पाच महिने देशाच्या कढईत पडतो तो चाळीतला कांदा. नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा, कळवण, देवळा, चांदवड भागात फिरलात तर घरापेक्षा चाळ नीट बांधलेली दिसते: जमिनीपासून उचललेली, खालून वारं खेळतं राहील अशी, बाजूंना पट्ट्या किंवा जाळी, वर पत्रा. माल भरताना उकाड्यात बाया गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढतात, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे बाजूला टाकतात, पात नीट कापली गेली नाही तर कांदा टिकत नाही म्हणून एकेक कांदा हाताखालून जातो. मग पाऊस लागला की दमट हवेने आत सडका वास सुटायला लागतो. ऑगस्टमध्ये चाळ फोडली की वरचा थर ठीक असतो, मधला पाणी सुटलेला निघतो, आणि कडेला कोंब आलेले असतात. भरलेल्या मालातला तिसरा हिस्सा वजनात आणि सडण्यात गेला तर त्या भागात कुणी आश्चर्य करत नाही.

म्हणजे मे महिन्यात जो शेतकरी हजार-बाराशेने माल न विकता चाळ भरतो, तो चार महिन्यांची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चढणारा भाव हा त्या जोखमीचा मोबदला आहे. सगळेच जर मे महिन्यात विकून मोकळे झाले, तर मेमध्ये कांदा रस्त्यावर फेकावा लागेल आणि सप्टेंबरमध्ये शोधून सापडणार नाही. बँकेत ठेव ठेवून व्याज घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. भविष्यातला नफा हेरून आज शेअर घेणाऱ्याचं तर वर्तमानपत्रात कौतुक छापून येतं. चाळीत कांदा ठेवून भावाची वाट बघणारा मात्र साठेबाज.

आणि सरकार हात घालतं ते नेमकं याच वेळी. २०१९ ची बंदी सप्टेंबरात. ती मार्च २०२० मध्ये उठली आणि पुन्हा १४ सप्टेंबर २०२० ला आली. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही असं बंधन, आणि तरीही भाव हवा तितका उतरला नाही म्हणून ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी. दोन-तीन वर्षं असा फटका बसलेला माणूस चौथ्या वर्षी चाळ का भरेल? बंदीने ज्या टंचाईवर इलाज केला म्हणतात, त्या टंचाईचं बी पुढच्या हंगामासाठी तिथेच पेरलं जातं.

२०२० ची गंमत तर विसरण्यासारखी नाही. त्या वर्षी जूनमध्ये अध्यादेश काढून कांदा, बटाटा, डाळी वगैरे जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याच्या जाचातून मोकळ्या केल्या गेल्या. शेतकरी आता स्वतंत्र झाला, अशी भाषणं झाली. त्यानंतर चार महिनेही उलटले नाहीत तोच निर्यातबंदी. तीन कृषी कायद्यांवर दिल्लीच्या वेशीवर जे आंदोलन झालं त्याच्या सगळ्या मागण्या मला पटत होत्या असं नाही. पण खुल्या बाजाराचं आश्वासन देणाऱ्यावर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा, याचं उत्तर १४ सप्टेंबरच्या अधिसूचनेनंतर देणं अवघड झालं होतं.

बाजार वर जाताना सरकार येतं. तो खाली जाताना काय होतं? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत दहा पोती, ५१२ किलो कांदा नेला. भाव निघाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं कापून पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली. पट्टी पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटलं नसेल. हलका माल, गोल्टी, जोडकांदा असं लिलावात एकेक नाव घेत भाव तोडला जातो आणि खर्च मात्र पूर्ण क्विंटलावर लागतो. त्या वेळी सगळे म्हणाले, आवक जास्त झाली, मागणी-पुरवठ्याचा नियम आहे, सरकार तरी काय करणार? राज्य सरकारने मग क्विंटलला ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलची मर्यादा घातली, आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी अशी अट टाकली. ज्यांनी मोबाइलवर पीक नोंदवलं नव्हतं ते तलाठ्याच्या मागे फिरत बसले.

म्हणजे मागणी-पुरवठ्याचा नियम आपल्याकडे एकाच दिशेने चालतो. तोटा झाला तर तो बाजाराचा न्याय, नफा व्हायला लागला तर ती टंचाई आणि जनतेची लूट. ज्याच्या वाट्याला फक्त उतार येतो त्याला बाजारात खेळणारा म्हणणंच मला खोटं वाटतं.

डाव्या विचाराच्या मित्रांशी इथे खटका उडतो. ते म्हणतात, कांदावाले म्हणजे बागायतदार, त्यांची कसली बाजू घेतोस? नाशिकमध्ये काही मोठे बागायतदार आहेत, हे खरं. पण महाराष्ट्रातली शेतकऱ्यामागची सरासरी जमीन २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर निघाली होती, आणि कांदा हे तर एकर-दोन एकरवाल्याचं पीक आहे, कारण ते तीन-चार महिन्यांत रोख हातात देतं. त्याच्या मागे लागवडीला आणि काढणीला येणाऱ्या मजूर बाया आहेत. भाव पडला की पुढच्या लागवडीच्या मजुरीची घासाघीस होते ती त्यांच्याशीच.

उजवीकडचे मित्र वेगळाच सूर लावतात. खतावर सबसिडी, विजेवर सवलत, कर्जमाफी, प्राप्तिकर नाही, एवढं घेता आणि वर खुला बाजारही हवा? हा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. त्याचं उत्तर शेतकरी नेते शरद जोशींनी चाळीसेक वर्षांपूर्वी चाकणच्या कांद्यावरून शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवलं तेव्हाच मांडलं होतं. एका हाताने सबसिडी द्यायची आणि दुसऱ्या हाताने भाव पाडून त्याच्या कितीतरी पट काढून घ्यायचं, याला ते उणे सबसिडी म्हणत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा त्यातूनच आली. तेव्हा ती आंदोलकाची अतिशयोक्ती वाटली असेल. पण २०१८ मध्ये ओईसीडी आणि दिल्लीची इक्रिअर या संस्थांनी मिळून भारतीय शेतीधोरणाचा आढावा घेतला, आणि २००० ते २०१६ या काळात सगळ्या सबसिड्या धरूनही शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार शेतीतल्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के भरला. श्रीमंत देशांची ही संघटना काही शेतकरी संघटनेची शाखा नव्हे. तेव्हा उजव्या मित्रांना माझं उत्तर एवढंच: सौदा मंजूर आहे. सबसिडी काढा, बंदीही काढा. दोन्ही एकाच दिवशी.

ग्राहकाचं हित हे कारण खरं असतं तर ते सगळीकडे सारखं दिसलं असतं. २०२० च्या मार्च ते मे या काळात जगात कच्चं तेल कोसळलं. ग्राहकाला पेट्रोल स्वस्त देण्याची अशी संधी क्वचित येते. केंद्राने अबकारी शुल्क आधी लिटरला ३ रुपयांनी आणि मग मेमध्ये पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. तेव्हा तिजोरी महत्त्वाची होती. डिझेल महागलं की भाजीपासून सगळ्याचं गाडीभाडं वाढतं, हे सरकारला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! २०१२ पायाभूत धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात तर कांद्याचा भार शंभरात जेमतेम ०.६४ होता.

मग एवढ्याशा कांद्याला सरकारं का घाबरतात? कारण कांदा दिसतो. रोज विकत घ्यावा लागतो, त्याचा भाव स्वयंपाकघरात तोंडपाठ असतो, आणि वाहिन्यांना त्याची बातमी करायला बाजारात जाऊन मंडईतल्या बाईपुढे माईक धरला की पुरतं. १९९८ मध्ये दिल्लीत भाजपचं सरकार कांद्याने घालवलं, ही आठवण प्रत्येक पक्षाने जपून ठेवली आहे. तेव्हापासून सत्तेत कोणीही असो, कांदा चढला की हात एकाच कळीकडे जातो. डिसेंबर २०१० मधली बंदी मनमोहन सिंग सरकारची होती. शेतकऱ्याच्या रागालाही मग मतपेटीतून बोलायला शिकावं लागलं. २०२४ च्या लोकसभेला नाशिकच्या कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या आणि कांद्याने पाडल्या, असं महायुतीचेच नेते बोलू लागले. मतदानाच्या आधी, एप्रिलमध्ये, गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची निर्यात मोकळी केल्याने लाल कांदेवाल्यांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं होतं. विधानसभा जवळ आली तशी सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. निवडणूक बघून दिलेला दिलासा निवडणूक बघून काढूनही घेता येतो. एखाद्या जिल्ह्याने किती खासदार पाडले यावर त्याच्या मालाला परदेशी जाता येईल की नाही हे ठरत असेल, तर त्याला धोरण म्हणवत नाही.

बाहेरच्या गिऱ्हाइकाचंही यात नुकसान झालं. २०१९ च्या बंदीनंतर आठवडा झाला नव्हता तोच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. सांगून तरी बंद करायचं होतं, मी आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या भर सभेत हसत हसत म्हणाल्या. हसण्यावारी गेलं. पण असं वारंवार झालं की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं किंवा आपल्याच परसात पिकवायला लागतं, आणि बांगलादेशने पुढे स्वतःचं कांदा उत्पादन वाढवण्यावर भर दिलाच. आखातातल्या बाजारात पाकिस्तानचा कांदा शिरला. गेलेलं गिऱ्हाईक बंदी उठली त्या दिवशी परत येत नाही.

मग सरकारने करायचं काय? बाजार मोकाट सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. शंभर रुपये किलोचा कांदा नाक्यावर काम मिळेल का म्हणून उभ्या असलेल्या माणसाला परवडत नाही, आणि त्याला तो परवडावा अशी इच्छा असणं ही चांगल्या सरकारची खूण आहे. फक्त त्या इच्छेचे पैसे इच्छा असणाऱ्याने द्यावेत. त्याचा एक रस्ता सरकार स्वतःच अर्धवट चालतं. २२ ऑगस्ट २०२३ ला, शुल्कावरून नाशिकमध्ये लिलाव बंद पडल्यावर, केंद्राने क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन जादा कांदा खरेदी करायचं ठरवलं. एनसीसीएफ या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाच्या गाड्यांमधून शहरात सरकारी साठ्यातला कांदा २५ रुपये किलोने विकला गेला. वाहतूक, घट, हमाली यातला फरक भाव स्थिरीकरण निधीतून सोसला गेला. या खरेदीत कोणाचे हात ओले झाले, कुठल्या उत्पादक कंपन्यांनी कागदावर कांदा मोजला, याबद्दल नाशिकमध्ये बरंच ऐकायला मिळतं, आणि ते साफ करायलाच हवं. पण रीत म्हणून ही प्रामाणिक आहे: सरकार बाजारात उतरतं, पैसे मोजून माल घेतं, आणि स्वस्त विकण्याचा तोटा स्वतःच्या वहीत लिहितं.

तीच पुढे न्यावी. गरीब कुटुंबाला भाव चढलेल्या महिन्यांत रेशन कार्डावर ठरावीक किलो कांदा किंवा तेवढे पैसे द्यावेत. मलबार हिलला त्याची गरज नाही. निर्यात रोखण्याची खरोखर आणीबाणी आलीच, तर कुठल्या भावाला ती येईल हे चाळी भरायच्या आत, मार्चमध्येच जाहीर व्हावं, म्हणजे शेतकरी आपला हिशेब करून चाळ भरेल. आणि त्यानंतरही मधेच नियम बदलला, तर भावात पडलेल्या फरकाची भरपाई मिळावी. नोंद कुठून आणायची, असं कुणी विचारू नये. अनुदान देताना ज्या ई-पीक पाहणीची अट घालता आली, ती भरपाई देतानाही चालेल.

याला पैसा लागेल, बराच लागेल. आज तो लागत नाही असं वाटतं, कारण तो कळवणच्या आणि येवल्याच्या घराघरांतून परस्पर काढला जातो. अर्थसंकल्पात हा खर्च एका ओळीत आला, तर दरवर्षी त्यावर लोकसभेत कुणी तरी आवाज चढवेल, लेखापरीक्षक शेरे मारतील, कंपनी कर पुन्हा थोडा वाढवा अशी मागणीही निघेल. आणि मग कांदा नक्की किती स्वस्त हवा, हा प्रश्न पहिल्यांदा तो खाणाऱ्यांनाही विचारता येईल.